पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) राहून रिसर्चचं करिअर होतं का? (नाशिक)

घाटमाथ्यावरची_एमओ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. एमबीबीएस झालं, बाँडचं म्हणजे सरकारी सेवेच्या सक्तीचं वर्ष सुरगाणा तालुक्यातल्या एका पीएचसीत काढलं आणि मग तिथंच राहिले, आता दुसरं वर्ष संपत आलंय. घर पंचवटीत, घरच्यांचा एकच धोशा, रेडिओ (रेडिऑलॉजी) घे नाहीतर स्किन घे. मला मात्र प्राथमिक आरोग्यावर रिसर्च करायचाय, त्यातही ही नवनवी मशीनं न् टेस्ट खेड्यात खरंच चालतात का ते बघायचंय.

हे डोक्यात कुठून आलं तर मागच्या वर्षी आमच्याकडे देणगीत हिमोग्लोबिन मीटर आलं. नारळ फुटला, फोटो झाले. दोन महिने एकदम भारी, बोटाला टोचलं की लगेच आकडा. मग स्ट्रिप संपल्या आणि त्या खर्चाच्या कुठल्या हेडखाली मागवायच्या हे कोणालाच सांगता येईना, तीन पत्रं गेली, उत्तर नाही. आता मीटर कपाटात आणि आमच्या सिस्टर परत साहलीची नळी (हिमोग्लोबिन मोजायची जुनी पद्धत) खिडकीशी धरून रक्ताचा रंग जुळवत बसल्यात. आषाढात बाहेर अंधारून आलं की त्या दिवशी आलेल्या सगळ्या गरोदर बायांचं एचबी (हिमोग्लोबिन) ९, काय योगायोग!

तर विचारायचं हे की असल्या गोष्टीवर पेपर होतो का, की हे नुसतं रडगाणं? एमडी पीएसएम (सामुदायिक वैद्यकशास्त्र) करू की एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स)? आणि नाशिक सोडावंच लागेल का?

फळा_आणि_खडू

मॅडम, मी पीएसएम शिकवतो. रडगाणं अजिबात नाही, ह्याला इम्प्लिमेंटेशन रिसर्च म्हणतात, टेस्ट चांगली आहे हे सिद्ध झाल्यावर ती गावात का टिकत नाही ह्याचा अभ्यास. आपल्याकडे ह्यावर हवं तेवढं काम झालेलं नाही.

आणि इनोव्हेशन म्हटलं की लोकांना स्क्रीनच दिसते हो. गडचिरोलीत बंग दांपत्याने न्यूमोनियासाठी काय केलं बघा, पन्नास-साठपर्यंत मोजायला न येणाऱ्या सुईणीनं बाळाचे श्वास मोजायचे कसे, तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मणी आला म्हणजे औषध सुरू करायचं. झालं मशीन! बॅटरी नाही, स्ट्रिप नाही. पुढे त्यांचंच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम १९९९ ला लॅन्सेट ह्या मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, नवजात बाळं मरण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात ती पद्धत देशभर गेली ती त्यातूनच. जामखेडला आरोळे डॉक्टरांनी तर १९७० पासून अल्पशिक्षित बायांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं, प्राथमिक आरोग्यावरची अल्मा-आटाची जागतिक परिषद १९७८ ची, म्हणजे जाहीरनामा यायच्या आठ वर्षं आधी.

आता तुमचं. शिकवायचंही असेल तर एमडी पीएसएम, तीन वर्षं, मेडिकल कॉलेजात त्याशिवाय भाव नाही. नुसता रिसर्चच करायचा तर एमपीएच दोन वर्षं, टाटा इन्स्टिट्यूट नाहीतर त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, पुणे विद्यापीठातही आहे. तोवर एनआयई (साथरोगशास्त्राची राष्ट्रीय संस्था) चेन्नईचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च ऑनलाइन उरकून टाका, पुढे मास्तर झालात तर तो लागतोच. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका, मी एकदा लागलो होतो, अजून बायोडेटातला तो पेपर लपवत फिरतो.

द्राक्षबागायत

सरांनी पगार सोडून सगळं सांगितलं 😀 माझी बहीण ह्याच लाइनमध्ये आहे. पीएचडीला जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) ३७,००० महिना, तेही वेळेवर आलं तर. त्यानंतर प्रोजेक्ट, प्रोजेक्ट संपला की दुसरा प्रोजेक्ट, मधले चार महिने आईकडे जेवण. आवड असेल तर करा पण रेडिओवाल्या मैत्रिणीची गाडी बघून जळायचं नाही हे आधीच ठरवून ठेवा.

सातपूर_सर्किट

मी डॉक्टर नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला. २०१५ च्या कुंभाच्या आधी इथं कुंभथॉन (कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायचा उपक्रम) व्हायचं, अमेरिकेतल्या एमआयटीचे रमेश रासकर आपले नाशिकचे, त्यामुळे आम्ही पोरं पेटलेलो. चौघांनी मिळून नाडी आणि ताप एकदम दाखवणारा डबा केला, डेमोला टाळ्या. मग एका दवाखान्यात नेला तर तिथल्या सिस्टरने हातात घेतला आणि पहिला प्रश्न, हे स्पिरिटने पुसलं तर चालंल का? आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिनं पुसला, डिस्प्ले गेला. सहा महिन्यांचं काम, एक कापसाचा बोळा.

सांगायचा मुद्दा, पैसे मिळतात, बायरॅकची (बायोटेकसाठीची केंद्र सरकारची संस्था) 'बिग' नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत आहे, आयआयटी मुंबईत बेटिक आहे तिथं डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून डिव्हाइस करतात, पण तुमच्यासारखं पीएचसीत दोन वर्षं राहिलेलं माणूस टीममध्ये नसतं. २०२७ चा कुंभ पुढ्यात आहे, साथी, गर्दी, पाणी, हवे तेवढे विषय. नाशिक सोडायची काय घाई?

पेठची_सिस्टर

मॅडम मी एएनएम (गावातली नर्स) आहे, लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. तुमचं मीटर चालू झालं तरी काय होणारे, आमच्याकडच्या बाया दिवाळी झाली की दिंडोरी निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, पोटुशी असली तरी जाते, नवरा जातो तर ती पण जाते. मी भाद्रपदात एचबी केलं ८, गोळ्या दिल्या, परत तपासायची वेळ आली तर ती बागेत. तिकडची सिस्टर म्हणते माझ्या यादीत नाही, इकडं माझ्या यादीत आहे पण माणूस नाही. एकदम बाळंत होऊनच परत येती. मशीन इथं कपाटात राहो की टेबलावर राहो, बाई तिकडं आहे. ह्याच्यावर कोणी पेपर लिहिलाय का मॅडम? मला वाचायचाय.

फळा_आणि_खडू

सिस्टर, ह्याला तोड नाही. मॅडम, पीएचडी मिळाली तुम्हाला.

घाटमाथ्यावरची_एमओ

सिस्टर, खरं सांगते, काल रात्री तुमचं वाचलं आणि आज ओपीडी संपल्यावर आमचं एएनसी (गरोदर बायांच्या तपासणीचं) रजिस्टर काढलं. शेराच्या रकान्यात पानामागून पान एकच, "द्राक्षाला गेली", "द्राक्षाला गेली", एका ठिकाणी नुसतं "द्रा." दोन वर्षं त्याच पानांवर सह्या करतेय मी, दिसलं नाही. मीटरचं राहू दे बाजूला. सातपूरवाले दादा, ह्या बाईचा कागद तिच्याबरोबर बागेपर्यंत कसा जाईल ह्यावर बोलू, मोबाइल बहुतेक नवऱ्याकडे असतो आणि रेंज बोंबललेली असते हे धरूनच बोला.

सर, रजिस्टरमधली माहिती काढायला परवानगी टीएचओंची (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची) पुरते का? पानांचे फोटो काढून ठेवलेत, तुम्हाला पाठवू का?

फळा_आणि_खडू

फोटो कोणालाच पाठवू नका!! नावं आहेत त्यात. आधी एथिक्स कमिटी, मग झेडपीत डीएचओंचं (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं) पत्र, मग आकडे, तेही नावं काढून. मेसेज करतो, रविवारी म्हसरूळला या, प्रोटोकॉल लिहायला बसू. सिस्टरनाही आणा, पहिलं नाव त्यांचं आलं तरी माझी हरकत नाही.

पेठची_सिस्टर

रविवारी पोलिओ आहे सर. सोमवारी चालंल का?