मदत हवी आहे : गिम्पमधील लेयर मास्कची कडा स्वच्छ कशी करावी?

नमस्कार. आमच्या जुन्या वाड्याच्या माजघराचे मी तिवईवरून दोन फोटो काढले आहेत. एकात खोली नीट दिसते, पण खिडकी पांढरीफटक पडते, तर दुसऱ्यात खिडकीबाहेरचे अंगण स्पष्ट येते आणि खोली काळोखात बुडते. दोन्हींतील चांगले भाग एकत्र आणण्यासाठी गिम्प या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये गडद फोटो वरच्या लेयरवर (थरावर) ठेवून त्याला मी काळा मास्क, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसेल हे ठरवणारा पडदा, जोडला आणि खिडकीचा भाग पांढऱ्या ब्रशने रंगवला. काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो आणि करडा अर्धपारदर्शक करतो, एवढे मला समजले आहे. अडचण कडेची आहे. मऊ ब्रश वापरला की सागवानी चौकटीवर काळपट पट्टा उमटतो, आणि कठीण ब्रशने खिडकी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. मास्क जोडताना लेयरची ग्रेस्केल (काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांतील) प्रत निवडून पाहिली. कडा सुंदर जुळली, मात्र सगळे चित्र फिके झाले.

अशा वेळी त्या ग्रेस्केल मास्कवर लेव्हल्स (छटांची पातळी बदलणारे साधन) वापरून काळे-पांढरे अधिक ठळक करावे, की त्याला गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्यावा? ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोसाठी ब्लरची त्रिज्या साधारण किती ठेवावी? हा वाडा लवकरच उतरवला जाणार असल्याने हे फोटो मला मनापासून चांगले करायचे आहेत.