मदत हवी आहे: शाळेच्या काउन्सेलरवरचं कागदपत्रांचं ओझं कसं कमी करावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, बँकेतून निवृत्त. अडचण माझी नाही, सुनेची आहे. पण तिला लिहायला वेळ नाही आणि अडचणही नेमकी तीच आहे.

ती इथल्या एका खाजगी शाळेत काउन्सेलर आहे. नववी ते बारावीची सगळी मुलं आणि ही एकटी. नेमलं मुलांशी बोलायला. पण २०२२ मध्ये सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) सुरू झाली, तेव्हापासून कॉलेजचे फॉर्म, स्कॉलरशिप, सगळं हिच्याच टेबलावर. मे-जूनमध्ये आमचं जेवणाचं पान वाढलं की फोन वाजतो : "मॅम, ओटीपी आ गया, अब क्या करूँ?"

मागच्या वर्षीची एक मुलगी. मराठी घरातली, सीबीएसईला ८८ टक्के. कॉलेजच्या फीसाठी मध्य प्रदेश सरकारची मेधावी विद्यार्थी योजना आहे, तिला सीबीएसईचे ८५ लागतात (एमपी बोर्डाचे ७०), म्हणजे गुणांत बसत होती. पण आधारवर आपल्या पद्धतीनं मधे वडिलांचं नाव, मार्कशीटवर ते नाही, आणि समग्र आयडीत (इथल्या राज्य सरकारचा रहिवासी क्रमांक) जन्मतारीखच वेगळी. ('काळे'चं 'काले' होणं इथे रोजचंच, त्यावर आम्ही रडत नाही.) सुनेचे आठ दिवस त्यात गेले. त्याच आठवड्यात एक मुलगा तीनदा तिच्या केबिनच्या दारापर्यंत येऊन परत गेला. आत फॉर्मवाल्यांची रांग होती. त्याला काय बोलायचं होतं ते अजून कळलेलं नाही. हे तिला फार लागलंय.

बँकेच्या बाजूचं मी बघतो. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ते खातं नोंदलेलं असणं वेगळं, हे पालकांना समजावता समजावता घसा बसतो. एकाची स्कॉलरशिप तो सहावीत असताना आईनं उघडलेल्या खात्यात पडून होती, घरात कुणाला पत्ता नाही. शिवाय केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप (पदवीला वर्षाला १२,००० रुपये) घेतली तर दुसरी चालत नाही. मुलं बिनधास्त दोन्ही भरतात.

कॉलनीतले आम्ही तीन-चार निवृत्त लोक शनिवारी शाळेत बसायला तयार आहोत. पण मुलांचे आधार, उत्पन्नाचे दाखले बाहेरच्यांनी हाताळावेत का? शाळा याच कारणानं कचरतेय आणि मला ते पटतं. ग्वाल्हेर, बडोदा, कुठे असं कुणी केलंय का?

सीबीएसईची नोंदणी नववीत होते, तेव्हाच नावं-तारखा ताडून घ्याव्यात असं माझं मत. व्यवस्थापन म्हणतं, नववीचे पालक यासाठी येणारच नाहीत. त्यांना आणायचं कसं?

कृपया 'एखादं अ‍ॅप घ्या' सुचवू नका. अ‍ॅप आहे. तेही हीच भरते.

उत्तर (बडोद्याहून) :
काका, आमच्याकडे एक नियम आहे, कागद आपण हातात घ्यायचाच नाही. मूल आणि पालक समोर बसतात, स्वतःचे कागद स्वतः धरतात, आपण फक्त विचारायचं : तिन्हीकडे नाव सारखं आहे? तारीख? डीबीटीचं खातं कुठलं? फोटो काढायचा नाही, ओटीपी विचारायचा नाही. चूक सापडली की चिठ्ठीवर लिहून द्यायचं, कुठल्या ऑफिसात काय दुरुस्त करायचं ते. आणि पालकांसाठी वेगळी सभा नको. सहामाहीचा निकाल घ्यायला येतात ना, त्याच दिवशी टेबल लावा.

मूळ धागाकर्ता :
निकालाच्या दिवशी! इतकी वर्षं काउंटरवर काढली आणि हे सुचलं नाही. सुनेला लगेच वाचून दाखवलं. म्हणाली, "चालेल बाबा, फक्त टेबल माझ्या केबिनपासून लांब लावा."