स्टीलआय स्पॅन: कंपनी बदलली आणि धार गेली?

तुणतुणे_५६:
इंग्लंडच्या या लोकसंगीत चमूने १९७१ मध्ये बी अँड सी या रेकॉर्ड कंपनीसाठी दोन अल्बम केले आणि १९७२ मध्ये क्रिसॅलिसकडून 'बिलो द सॉल्ट' काढला. माझ्या मते इथेच धार बोथट झाली. आधीच्या 'प्लीज टू सी द किंग'मधलं 'द ब्लॅकस्मिथ' ऐका. गिटार एक ठोसा मारून थांबते आणि मॅडी प्रायरचा आवाज त्या मोकळ्या जागेतून चालत राहतो. ताल धरायला ड्रम नाहीत, तरी लय सुटत नाही. नव्या अल्बममध्ये ती मोकळी जागा भरून टाकली आहे. मोठी कंपनी आली की हे होतंच.

झीलकरी:
साफ चूक. कंपनीबरोबर माणसंही बदलली, ते तुम्ही सोडून दिलंत. मार्टिन कार्थी आणि अ‍ॅशली हचिंग्ज बाहेर पडले. बॉब जॉन्सन गिटारवर आणि रिक केम्प बास गिटारवर आले. गिटार आणि बास दोन्हींचे हात बदलल्यावर आवाज तोच कसा राहील? शिवाय ही त्यांची पहिली नव्हे, तिसरी कंपनी. १९७० चा पहिला अल्बम आरसीएचा, आणि त्यात ड्रम होते! डेव्ह मॅटॅक्स आणि जेरी कॉनवे यांनी वाजवलेत. 'बिलो द सॉल्ट'मध्ये ड्रमर नाहीच. नायजेल पेग्रम १९७३ मध्ये आला. मग बाजारूपणा नेमका कुठे दिसला?

तुणतुणे_५६:
ड्रमचा मुद्दा मान्य. पण 'बिलो द सॉल्ट'मधलं 'किंग हेन्री' घ्या. गिटार आणि बास एकच जड तुकडा घोटत राहतात आणि पीटर नाइटचं फिडल (व्हायोलिन) त्याखाली दबतं.

झीलकरी:
त्या कथेला तोच जडपणा हवा. राक्षसी बाई राजाचा घोडा मागते, मग शिकारी कुत्रे, मग ससाणे. सगळं हाडांसकट फस्त. मागणी दर वेळी वाढते, त्यामुळे तोच तुकडा परत आला की अंगावर येतो. पोवाड्यात झील पुन्हापुन्हा येते ती काय उगाच?

सुई_आणि_खाच:
दोघांनीही 'गाउदेते' विसरू नये. १५८२ च्या 'पिए कान्तिओनेस' संग्रहातलं लॅटिन नाताळगीत, एकही वाद्य नाही. आवाज अगदी क्षीण सुरू होतो, जवळ येतो आणि पुन्हा लांब जातो, मिरवणूक दारावरून गेल्यासारखा. तबकडीवर गोची अशी की हे गाणं 'किंग हेन्री'च्या लगेच नंतर आहे. सुरुवातीच्या ओळी खाचेतल्या धुळीच्या करकरीत बुडतात, ऐकणारा आवाज वाढवतो आणि मधलं ध्रुवपद कानठळ्या बसवतं. तबकडी आणि सुई आधी पुसा, बटणाला हात लावू नका. बाजाराची गणितं करणारी कंपनी असं गाणं स्वतंत्र तबकडी म्हणून काढेल? क्रिसॅलिसने काढलं आणि डिसेंबर १९७३ मध्ये ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत १४ व्या क्रमांकावर गेलं.

तुणतुणे_५६:
'गाउदेते'पुढे हात टेकले. पण १९७५ मध्ये त्याच कंपनीत माइक बॅटने निर्मिती केली आणि 'ऑल अराउंड माय हॅट' ५ व्या क्रमांकावर गेलं. तिथे तर दणकेबाज ड्रम आहेत. वाट १९७२ मध्येच वळली होती.

झीलकरी:
तीन वर्षांनंतरचं गाणं १९७२ च्या अल्बमच्या माथी मारू नका. त्याच अल्बममधलं 'रोझबड इन जून' ऐका. नुसत्या गळ्यांवर उभं आहे, तिथे कोणती जागा कोणी भरली ते दाखवा.