अभ्यासिकेत हवेचा वायरलेस सेन्सर लावायचाय: जागा, उंची, कॅलिब्रेशन

विश्रामबाग_२४तास

सांगलीत विश्रामबागेत अभ्यासिका आहे. हॉल २५ बाय २० फूट, छत १० फूट, २४ खुर्च्या, दीड टनाचे दोन स्प्लिट एसी. ९ इंची एक्झॉस्ट आहे, पण आवाज होतो म्हणून मुलं बंद करतात. हॉल २४ तास चालू असतो, फक्त पहाटे झाडलोटीला अर्धा तास रिकामा.

दुपारनंतर डोकं जड होतं, झोप येते अशी मुलांची तक्रार आहे. म्हणून ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), एससीडी४१ (कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता) आणि पीएमएस५००३ (धूळ) एका छोट्या डब्यात बसवून घेतलंय. सॉफ्टवेअर ईएसपीहोम. महिनाभर काउंटरवर ठेवलाय, आता भिंतीवर कायमचा लावायचा आहे. भोक पाडण्याआधी विचारतो:

१. कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर? इलेक्ट्रिशियन म्हणतो जुन्या स्विचबोर्डाच्या रिकाम्या पेटीवर लावू, वायर आयती आहे.
२. सुरुवातीला हॉल भरला की २४००-२५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे इतके भाग) दाखवायचा. आता २००० च्या आसपास, आणि पहाटे रिकाम्या हॉलचं दार बंद असतानाही ४१०. हवा सुधारली असं समजायचं का? आम्ही तर काहीच बदललं नाही.
३. भिंतीवरचा साधा थर्मामीटर २७ दाखवतो, हा ३०.
४. दर काही दिवसांनी वायफायवरून गायब होतो.

इन्स्ट्रुमेंट_मिरज

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण तो सुटला नाही तर बाकीचं सगळं चुकीच्या आकड्यावर उभं राहील.

हवा सुधारलेली नाही, सेन्सरची पट्टी सरकली आहे. एससीडी४१ मध्ये आपोआप कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या हवेशी जुळवून घेणं) कारखान्यातूनच चालू असतं. आठवड्यातून एकदा तरी आपल्याला बाहेरची ताजी हवा मिळते, असं तो गृहीत धरतो आणि त्या काळातल्या सगळ्यात कमी आकड्याला ४०० मानतो. घरात, ऑफिसात हे चालतं, रविवारी खोली रिकामी असते. तुमचा हॉल पुरेसा वेळ कधीच रिकामा राहत नाही. समजा आठवड्याचा खरा तळ ७००-८०० असेल, तर सेन्सर त्यालाच ४०० धरणार आणि वरचे सगळे आकडे खाली ओढणार. खात्री करायची तर बॅटरी बँक लावून गच्चीवर न्या. ४०० च्या खाली गेला की विषय संपला, कारण आज जगात कुठेही उघड्यावर ४२० च्या आसपास असतंच.

आता करायचं असं, आणि याच क्रमाने:

आधी कोडमध्ये ऑटोमॅटिक सेल्फ कॅलिब्रेशन बंद करा. मग उंची टाका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर, इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. उंची शून्यच ठेवली तर आकडा ६ टक्क्यांच्या आसपास कमी येतो. (सातारकरांनी ७४०, महाबळेश्वरवाल्यांनी १३५० टाकावी. तिथे फरक १५ टक्क्यांवर जातो.) त्यानंतर गच्चीवर सावलीत ठेवून १५-२० मिनिटं चालू द्या. किमान ३ मिनिटं लागतातच, पण घाई नको. मग ४२५ हा आकडा देऊन फोर्स्ड कॅलिब्रेशनची आज्ञा द्या. उंची नंतर बदलली तर कॅलिब्रेशनही पुन्हा करावं लागेल, म्हणून क्रम पाळा.

वेळ दुपारी ३-४ ची, थोडं वारं असताना. पहाटेची हवा ‘शुद्ध’ म्हणून पहाटे करू नका. रात्रभर वारा पडलेला असतो, झाडं आणि सभोवतालचा ऊसही श्वसन करत असतो, त्यामुळे जमिनीलगत कार्बन डायऑक्साइड चांगलाच वाढलेला असतो. सेन्सर हातात धरून वाकून बघत बसू नका. दोन मीटर लांब उभं राहून मोबाइलवर बघा, नाहीतर तुमचा श्वासच कॅलिब्रेट होईल.

हे दर सहा महिन्यांनी करा. २४ तासांच्या हॉलला दुसरा इलाज नाही.

तापमानाचं कारण सोपं आहे: एका डब्यात बोर्ड आणि सेन्सर. ईएसपी३२ चं वायफाय गरम होतं, वर पीएमएसचा पंखा ती गरम हवा डब्यात फिरवतो. तापमान चुकलं की आर्द्रताही चुकते. २७ अंशाला खरी ६० टक्के असेल तर ३० अंशाच्या डब्यात ती ५० दाखवणार. एससीडी४१ ला डब्याबाहेर काढा, २०-३० सेंटिमीटर वायरवर, बोर्डच्या खाली किंवा बाजूला. वर नको, गरम हवा वरच जाते. आयटूसीची (सेन्सर बोर्डला जोडणारी) वायर याहून फार लांबवू नका, रीडिंग अडकायला लागतं. त्यानंतरही जो फरक राहील तो टेम्परेचर ऑफसेटमध्ये (सेन्सर तापमानातून वजा करतो त्या आकड्यात) टाका. तो मूळचाच ४ अंश धरलेला असतो, त्यामुळे शून्यापासून मोजू नका.

आर्द्रता घरच्या मिठाने तपासता येते. झाकणात चार चमचे मीठ, पाणी इतकंच की ओल्या वाळूसारखं होईल, विरघळता कामा नये. झाकण आणि एससीडी४१ एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ७५ टक्के यायला हवी. दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालेल. मीठ सेन्सरला लागू देऊ नका.

अजिंक्यतारा

स्विचबोर्डाच्या पेटीवर अजिबात लावू नका. भिंतीतल्या पाइपमधून हवा येत असते, कधी गच्चीवरची तापलेली, कधी शेजारच्या खोलीतली. सेन्सर हॉलची नाही, पाइपची हवा मोजतो. दुसरी जागाच नसेल तर पाइपचं तोंड एम-सीलने किंवा पुट्टीने पक्कं बुजवा आणि सेन्सर पेटीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे धरा.

उंची जमिनीपासून साडेतीन ते साडेचार फूट, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नाकाच्या पातळीला. कुठल्याही खुर्चीपासून किमान एक मीटर लांब, आतल्या भिंतीवर. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एसीचा झोत थेट येईल अशी जागा नको, दार-खिडकीपासून दीड-दोन मीटर अंतर, आणि पुस्तकांच्या लोखंडी कपाटामागे नको, तिथे हवाही साचते आणि सिग्नलही अडतो. प्लायच्या पार्टिशनवरही टाळा. एससीडी४१ आवाजाच्या लहरींवर मोजतो, पार्टिशनवर दार आपटलं की आकडा नाचतो.

आता वायफाय. ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झच लागतो. राउटरवर २.४ आणि ५ एकाच नावाने असतील तर वेगळी नावं करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. पण माझा अंदाज वेगळाच आहे: अभ्यासिकेत दर महिन्याला मुलांचा पासवर्ड बदलता ना? सेन्सर त्याच नेटवर्कवर असेल तर तोही त्या दिवशी बाहेर. त्याला स्वतंत्र नाव-पासवर्ड द्या, आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करून टाका.

होम असिस्टंट (अशी उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत नसाल तर आणखी एक भानगड. ईएसपीहोमला १५ मिनिटांत एपीआयवर (असं सॉफ्टवेअर त्याला जोडतं त्या वाटेवर) कोणी भेटलं नाही तर बोर्ड स्वतःच रीस्टार्ट होतो. रीबूट टाइमआउट शून्य करा.

पॉवरकडेही बघा. एससीडी४१ मोजताना क्षणभर २०० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, पीएमएस वेगळे १०० च्या आसपास. मोबाइलचा जुना चार्जर आणि पाच मीटर बारीक केबल असेल तर व्होल्टेज पडून बोर्ड झटके खातो आणि आपल्याला वाटतं वायफाय गेलं. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर, केबल दीड मीटरच्या आत. राउटर आणि सेन्सर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बॅटरीवर चालवायचा विचार करू नका. पीएमएसचा पंखा चालू असताना एक १८६५० (लिथियमचा) सेल दिवसभरही पुरत नाही.

विश्रामबाग_२४तास

गच्चीवर नेला, ४०० च्या खालीच गेला. पासवर्डचंही तसंच निघालं. मिरजकर सरांच्या क्रमाने कॅलिब्रेशन केलं, सेन्सर डब्याबाहेर काढला, आता थर्मामीटरशी अर्ध्या अंशात जुळतो.

नवे आकडे: हॉल भरलेला असताना २५००-२६००. पहाटे ५ ला १२-१३ मुलं बाहेर गेली तेव्हा १६२०, साडेपाचला १०२०. झाडलोट करणाऱ्या मावशी एकट्याच, दार बंद, एसी चालू. आता याचं करायचं काय?

कृष्णाकाठ_एचव्हीएसी

झकास, हेच दोन आकडे हवे होते. बाहेरचे ४२० वजा केले तर १२०० चे अर्ध्या तासात ६०० झाले, बरोबर निम्मे. म्हणजे तासाला सुमारे १.४ वेळा हवा बदलते. हॉलचं आकारमान ५००० घनफूट, म्हणजे १४२ घनमीटर. फटींतून तासाला साधारण २०० घनमीटर ताजी हवा येते आहे. एक्झॉस्ट बंद असताना बरं आहे की!

बसून वाचणारा माणूस तासाला १८ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. १००० पीपीएम राखायचे तर माणशी ३१ घनमीटर हवा लागते. तुमच्या २०० मध्ये सहा जणांचं भागतं, बसतात २४. २४ गुणिले १८ भागिले २०० केलं की बाहेरच्यापेक्षा २१६० जास्त, म्हणजे २५८०. तुमचा सेन्सर हेच दाखवतोय, म्हणजे कॅलिब्रेशन नीट बसलंय.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवतो. दोनाचे चार एसी केले तरी हा आकडा हलणार नाही.

पूर्ण १००० साठी तासाला ७४५ घनमीटर लागतील. पण एप्रिलात बाहेर ३९ आणि आत २६ असताना एवढी हवा थंड करायला जवळपास एक टन एसी खर्ची पडेल, तुमच्या तीन टनांतला. १२०० पीपीएमवर समाधान मानलंत तर ५५० घनमीटर पुरतात आणि भार पाऊण टनाच्या आत राहतो. माझं मत उन्हाळ्यात १२००, बाकी आठ महिने १०००.

एक्झॉस्ट घेताना इंच बघू नका, पाकिटावरचा सीएमएच (तासाला किती घनमीटर हवा) बघा. तो आकडा उघड्या पंख्याचा असतो. मागे झडप, जाळी, पाइप आला की बराच घटतो, म्हणून ९०० च्या आसपासचा घ्या आणि कमी आरपीएमचा, नाहीतर मुलं पुन्हा बंद करतील. हवा आत यायलाही वाट हवी. पंख्याच्या समोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, एक बाय एक फुटाची जाळी. ती नसेल तर पंखा नुसता घरघरतो आणि हवा संडासाच्या दारातून ओढतो. हे मी फार ठिकाणी बघतो.

स्विच काढून रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) घ्या. ११०० ला चालू, ९०० ला बंद. एकच आकडा ठेवलात तर रिले मिनिटामिनिटाला टकटक करेल. मोटर आहे, त्यामुळे रिलेवर स्नबर (ठिणगी दाबणारा छोटा भाग) लावा.

धुळीकडेही लक्ष असू दे. सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, आणि हंगामात उसाचं पाचट पेटलं की बाहेरचं पीएम २.५ (अतिसूक्ष्म धूळ) आतपेक्षा जास्त असू शकतं. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. जाळीला फिल्टर लावा, महिन्याला धुवा. पावसाळ्यात आर्द्रता ८०-८५ च्या वर गेली की पीएमएस फुगवून दाखवतो, पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. आणि काउंटरवर उदबत्ती लावत असाल तर तो आकडा मात्र खरा असतो.

तासगाव_बेदाणा

मध्येच विचारतो. हाच संच बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणि हरिपूरच्या एका हळदीच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) चालेल का?

इन्स्ट्रुमेंट_मिरज

स्टोरेजमध्ये तापमान-आर्द्रतेसाठी चालेल, पण पफ पॅनेलला (तिथल्या फोमच्या भिंतींना) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, वायफाय आत पोचत नाही. सेन्सर आत, रेडिओ बाहेर ठेवा, किंवा लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) घ्या. लोरा घेताना मॉड्यूल ८६५-८६७ मेगाहर्ट्झचं आहे ना बघा. ऑनलाइन ९१५ वालं स्वस्तात मिळतं, ते इथे वापरायची परवानगी नाही. गंधकाची धुरी देतात त्या शेडमध्ये मात्र काहीच लावू नका, तांब्याचे पिन काळे पडून सेन्सर मरतो.

पेवाला नाही म्हणजे नाही. एससीडी४१ ची अचूकता ५००० पीपीएमपर्यंतच सांगितलेली आहे. बंद पेवात हळद श्वसन करत राहते, तिथे कार्बन डायऑक्साइड त्याच्या कित्येक पट असू शकतो आणि ऑक्सिजन कमी. पेव उघडून काही तास ठेवायची, कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे ती मोडू नका. वर ऑक्सिजनचा अलार्म असलेला हातातला मीटर दोरीने तळापर्यंत सोडा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस उतरवायचा नाही.

विश्रामबाग_२४तास

जाळीसाठी गवंडी उद्या येतोय. एक राहिलं: रिले आणि सेन्सर एकाच बोर्डवर चालेल का, की रिलेला वेगळा बोर्ड?

अजिंक्यतारा

वेगळा घ्या. रिले एक्झॉस्टजवळ, सेन्सर आतल्या भिंतीवर, मध्ये २३० व्होल्टची वायर कशाला फिरवताय. आणि सेन्सरकडून १० मिनिटं आकडा आला नाही तर पंखा चालू राहील असं कोडमध्ये लिहा, बंद राहील असं नको.