वाड्याचे सुरूचे खांब आणि गणेशपट्टी फ्लॅटमध्ये बसवायचीय, सल्ला हवा

पारिजात:
वाईचा आमचा वाडा उतरवला. त्यातले दोन सागवानी सुरूचे खांब (सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरलेले), मधली महिरप आणि दाराची गणेशपट्टी पुण्याला आणून ठेवली आहे. खांब आठ फुटी, हॉलची उंची साडेनऊ. इंटिरियरवाला म्हणतो, छताला चारी बाजूंनी पीओपीची नक्षी करू, भिंतीत दोन देवळ्या कोरू आणि खांबांना चकचकीत पॉलिश मारू. मला धास्तीच वाटतेय. कुणी केलंय का असं काही?

सुतारपक्षी:
ताई, आधी लाकूड ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी लागलेली असू शकते. दगडी तळखडे आणलेत का? जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून वाड्यात खांब त्यांवर उभे करत. फ्लॅटमध्येही रोज फरशी पुसताना पाणी लागतंच. तळखड्याने फूटभर उंची भरून निघेल, उरलेल्या जागेत साधी सागवानी तुळई द्या. वर भार नसल्याने खांब नुसता टेकवला तर हलेल. वर-खाली स्टीलचा गज घालून पक्का करून घ्या.

घाटवाट:
देवळ्यांचा नाद सोडा. वाड्याच्या भिंती दोन-तीन फूट जाड असायच्या, म्हणून त्यांत देवळी शोभायची. फ्लॅटची आतली भिंत चार-सहा इंचांची. आरसीसीच्या कॉलमला किंवा बीमला तर छिन्नी लावूच देऊ नका. आणि छताला पीओपीची नक्षी कशाला? वाड्याचं छत म्हणजे तुळया आणि त्यांवरची लाकडी फळ्यांची तक्तपोशी. शिवाय पावसाळ्यात भिंतीला ओल आली की पीओपी फुगतं. छत पांढरं, साधं ठेवा, खांब उठून दिसतील. काम सुरू करण्याआधी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात एक चक्कर मारा. खांब, हस्त (खांबाच्या माथ्यावरचा तुळईचा लाकडी आधार), तुळई कशी एकमेकांवर बसते ते नीट बघून घ्या.

पारिजात:
तळखडे वाईलाच राहिलेत! रविवारी जाऊन घेऊन येते. गणेशपट्टीवर हिरव्या ऑइलपेंटचे थर आहेत, सोंडेची नक्षी पार बुजलीय. पॉलिश पेपरने घासू का?

सुतारपक्षी:
अजिबात नको, नक्षीच्या कडा झिजतील. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ घरात नको. रंग काढायचं जेल लावा, फुगला की बांबूच्या काडीने आणि ब्रशने हळूहळू काढा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलं लांब. शेवटी चकचकीत पॉलिशऐवजी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.