११ केव्ही पॅनेल: बसबारच्या कप्प्यातून चरचर आवाज, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्ट) मेटलक्लॅड पॅनेलमध्ये (धातूच्या बंद कप्प्यांचं स्विचगिअर) बसबारच्या (सगळ्या फीडरना वीज देणारी मुख्य पट्टी) कप्प्यातून दमट हवेत बारीक चरचर ऐकू येते, हवा कोरडी झाली की थांबते. मागच्या शटडाउनमध्ये कव्हर काढलं तेव्हा दोन पॅनेलमधल्या बुशिंगवर (बसबार ज्यातून जाते तो इन्सुलेटर), बसबारची इन्सुलेशनची स्लीव्ह टेकते नेमकी तिथेच, पांढरी भुकटी दिसली. जॉइंटचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, घट्ट आहेत. मला हा पार्शल डिस्चार्जच (इन्सुलेशनमध्ये किंवा त्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या बारीक ठिणग्या) वाटतो. ब्रेकरचा आणि केबलचा कप्पा स्वच्छ आहे. तिथे स्पेस हीटर आहेत, बसबारच्या कप्प्यात मात्र नाही.

ट्रॅकिंगची रेघ (डिस्चार्जमुळे इन्सुलेशनवर पडणारी जळकी वाट) अजून उमटलेली नाही. मग बुशिंग नुसतं पुसून चार्ज करावं, की बदलावंच? आणि आधी अल्ट्रासॉनिक चाचणी (डिस्चार्जचा आवाज टिपणारी) घ्यावी की टीईव्ही (डिस्चार्जमुळे पॅनेलच्या धातूवर येणारं क्षणिक व्होल्टेज मोजणारी)? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, बसबारवर फॉल्ट झाला तर सगळेच फीडर (पॅनेलमधून बाहेर जाणाऱ्या लाइन) जातील.