लाडा निवा नागपुरात चालन का?

वाडीचा_पोट्टा: राजेहो, व्हिडिओ पाहून पाहून त्या रशियन निवा जीपचं याड लागलं आहे. उमरेड-पेंचकडच्या कच्च्या रस्त्यांसाठी कशी राहीन? कोणी चालवली का?

डॉक्टरभाऊ: मी एमबीबीएसला रशियात होतो, घरमालकाकडे निवा होती. गाडी १९७७ पासून बनते अन् दिसते अजून जवळपास तशीच. चारही चाकं कायम फिरतात, मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं) लॉक होते, लो गिअर आहे, बर्फाच्या चिखलातून बैलासारखी निघायची. स्टेपनी बॉनेटखाली, इंजिनवर, मी पहिल्यांदा पाहून हसलोच. पण हायवेला ८०-९० च्या पुढं गेलं का आवाज इतका की बाजूच्याशी ओरडून बोला. म्हातारा म्हणे पान्हा अन् हातोडी असली का काहीही दुरुस्त होते, आणि खरंच दर रविवारी तो गाडीखालीच असायचा 😄

जुनीजीप: भाऊ हीटर जबरदस्त असते म्हणतात, मे महिन्यात ४५ डिग्रीत त्याचं काय लोणचं घालू? उआझ, ती दुसरी रशियन जीप, निवाहून दणकट, लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा) वगैरे, त्यांची ती बुखान्का व्हॅन तर पावासारखी दिसते म्हणून नावच पाव. पण आराम शून्य.

वाडीचा_पोट्टा: मंग इथं आणता येते का?

जुनीजीप: सेकंडहँड आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही अन् स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, वरून ड्युटी. पार्ट कुठून आणशील बे? जिम्नी नाहीतर थार घे अन् गप पेंचला जा.